शरीराचा रोजमेळ: स्वतःच्या आकड्यांवरून स्वतःचा व्यायाम कसा ठरवायचा?



मागच्या तीन व्हिडिओंत आपण रोजमेळ, डेड स्टॉक आणि उधारीची वसुली बघितली. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. व्हिडिओत आकडेमोड भरभर उरकली गेली, म्हणून इथे सगळं सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. दुकानातली जुनी बिलबुकाची मागची बाजूसुद्धा चालेल.

विषय एका वाक्यात सांगायचा तर असा: आपण गल्ल्याचा हिशोब रोज ठेवतो, पण ज्या शरीराच्या जिवावर गल्ला भरतो त्याचा हिशोब वर्षातून एकदाही बघत नाही.

आधी माझी गोष्ट

माझं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. वडिलांनी सुरू केलेलं. वडिलांना ५४व्या वर्षी अटॅक आला तो दुकानातच, गल्ल्यावर बसलेले असताना. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. त्या दिवशी बीबीएची परीक्षा सोडून मी कराडला आलो आणि मग दुकानातच राहिलो. डिग्री पुढच्या वर्षी पूर्ण केली.

एवढं डोळ्यांनी बघूनही मी काय शिकलो? काही नाही! वयाच्या ३६व्या वर्षी, दिवाळीच्या आधी, बाजारपेठेत बीपी तपासणीचा कॅम्प लागला होता. गंमत म्हणून हात पुढे केला. मशीनवर १५०/९६. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. शेजारच्या दुकानदाराचं १२२/७८ आलं, तेव्हा मात्र बोलती बंद झाली.

मग मी तेच केलं, जे आपल्यातले बहुतेक जण करतात. त्याच संध्याकाळी स्मार्टवॉच मागवलं, मोबाईलवर कुठलातरी ‘३० दिवसांत फिट’ प्लॅन डाउनलोड केला आणि पहाटे पाचला उठून पळायला लागलो. रोज १०,००० पावलं झालीच पाहिजेत, असा हट्ट. एकोणिसाव्या दिवशी गुडघा सुजला. विसाव्या दिवसापासून घड्याळ ड्रॉवरमध्ये, सुट्ट्या पैशांच्या डब्याशेजारी.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. तो प्लॅन वाईट नव्हता, पण तो दुसऱ्याचा होता. पुण्याच्या मॉलमधल्या दुकानाचा स्टॉक बघून तोच माल कराडमध्ये भरला, तर काय होईल? माल चांगला असूनही पडून राहील. व्यायामाचंही तसंच आहे. आधी आपलं गिऱ्हाईक ओळखायचं, मग माल भरायचा. इथे गिऱ्हाईक म्हणजे आपलं स्वतःचं शरीर.

दुकानदाराला हे जास्त का लागू पडतं?

एक जुना अभ्यास सांगतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या दोन मजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांच्या हृदयविकाराची तुलना केली आणि १९५३ साली ती छापली. दोघांची बस एक, रस्ते तेच. पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढतोय-उतरतोय. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला.

आता आपल्या दुकानात बघा. मालक गल्ल्यावर बसून ‘अरे, तो दोन इंची पाइप काढ’ म्हणतो. पोरगा माळ्यावर चढतो, उतरतो, गोडाऊनला जाऊन येतो. एकच दुकान, त्यातला एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. पगार आपण देतो आणि व्यायाम तो करतो!

दुसरी गोष्ट आपल्या पुण्यातली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीरावर खूप वर्षं काम केलंय. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! म्हणजे आपण दिसायला बारीक असलो, तरी आतून तसे असूच असं नाही. म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा कडक ठेवल्या आहेत. बीएमआय २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

तेव्हा ‘माझं वजन तर बरोबर आहे’ म्हणून उठू नका. बसा.

पायरी १: चौदा दिवस फक्त मोजा, बदलू काही नका

नवीन दुकान चालवायला घेतलं, तर पहिल्या दिवशी आपण फर्निचर तोडत नाही. आधी पंधरा दिवस गल्ल्यावर बसून बघतो: कोण येतं, कधी येतं, काय मागतं. इथेही तेच. चौदा दिवस रोजच्यासारखंच वागायचं. फक्त लिहायचं.

रोज लिहायचे चार आकडे:

१. पावलं. घड्याळ नसेल तर मोबाईल खिशात ठेवा, फुकटचं ॲप चालतं. मात्र मोबाईल गल्ल्यावर ठेवून तुम्ही गोडाऊनला गेलात, तर ती पावलं मोजली जाणार नाहीत.

२. सकाळची नाडी. उठल्यावर अंथरुणातच, चहाच्या आधी. मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मोठ्या माणसाची विश्रांतीतली नाडी साधारण ६० ते १०० असते. पण आपल्याला आपली नेहमीची किती, हे जास्त महत्त्वाचं.

३. झोप. किती वाजता पाठ टेकली आणि किती वाजता उठलो.

४. सलग बसण्याचा सगळ्यात मोठा पट्टा. म्हणजे दिवसात एकदाही न उठता जास्तीत जास्त किती वेळ बसलो.

आठवड्यातून लिहायचे: वजन (त्याच वारी, सकाळी, उपाशीपोटी) आणि कंबर (बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता, टेप स्वतःशी खोटं बोलत नाही, आपण बोलतो).

बीपी आठवड्यातून तीन दिवस. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकता. हात छातीच्या उंचीला टेबलावर. आधीचा अर्धा तास चहा नाही, तंबाखू-सिगारेट नाही. मोजताना गप्पा नाहीत. एक मिनिट थांबून दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे. उधारीवाल्याशी भांडण झाल्यावर लगेच बीपी मोजून घाबरू नका, तो आकडा उधारीचा आहे.

आणि एकदाच, सुरुवातीला: एचबीए१सी ही रक्ताची तपासणी. ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ६.५ किंवा पुढे म्हणजे मधुमेह. पण निदान डॉक्टरच करतील, आपण नाही.

माझ्या पहिल्या चौदा दिवसांची सरासरी अशी होती: पावलं ३,१४०. सकाळची नाडी ८२. झोप ५ तास ५० मिनिटं. सलग बसणं २ तास ४० मिनिटं. वजन ८१.४ किलो. कंबर ९७ सेंटिमीटर. घरचं बीपी सरासरी १४४/९२. एचबीए१सी ६.०.

हा कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “पेशंट तक्रार घेऊन येतात, तुम्ही ताळेबंद घेऊन आलात.” वडिलांचा इतिहास बघून त्यांनी एक छोटी गोळी सुरू केली आणि व्यायामाला परवानगी दिली. हे मुद्दाम सांगतोय. मी गोळी घेतो. व्यायाम हा गोळीला पर्याय आहे असं मी कुठेही म्हणणार नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

पायरी २: कुठला आकडा खरा, कुठला नुसता शोभेचा?

घड्याळ खूप आकडे दाखवतं. सगळ्यांवर धंदा करायचा नसतो.

*कॅलरी:* बघू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात मनगटी यंत्रं तपासली. नाडी मोजण्यात सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. २७ टक्के चुकणारा वजनकाटा तुम्ही दुकानात ठेवाल का? मग घड्याळ ‘३०० कॅलरी जळाल्या’ म्हणालं म्हणून दोन वडापाव खाऊ नका.

*१०,००० पावलं:* हा आकडा कुठल्या डॉक्टरने लिहून दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. थोडक्यात, ती ब्रँडिंग होती! २०१९ साली वयस्कर बायकांवरचा एक अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. तो अभ्यास सरासरी ७२ वर्षं वयाच्या बायकांचा होता, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलू नका. पण धडा घ्या: ३,००० वर असलेल्या माणसासाठी ५,००० हीसुद्धा मोठी कमाई आहे.

*रोजचं वजन:* पाणी, मीठ, आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण यांनी किलोभर इकडे-तिकडे होतं. एका दिवसाच्या विक्रीवरून आपण दुकान बंद करत नाही. सात दिवसांची सरासरी बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. आकडे दोन प्रकारचे असतात. एक ‘आपल्या हातातले’: पावलं, व्यायामाची मिनिटं, झोपायची वेळ, रात्रीच्या जेवणाची वेळ. दुसरे ‘निकालाचे’: वजन, कंबर, बीपी, सकाळची नाडी, एचबीए१सी. सेल्समनला आपण सांगतो ना, ‘ऑर्डर मिळणं तुझ्या हातात नाही, पण दिवसाला दहा दुकानं फिरणं आहे’? तसंच. रोज हातातल्या आकड्यांवर लक्ष ठेवायचं, निकालाचे महिन्याने बघायचे. एचबीए१सी तर तीन महिन्यांच्या आत परत करण्यात अर्थच नाही.

पायरी ३: व्यायामाचा वेग तुमच्या नाडीवरून ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे: मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. आता ‘मध्यम’ म्हणजे किती? तो प्रत्येकाचा वेगळा. काढायची रीत सोपी आहे.

२२० मधून वय वजा करा. ती तुमची अंदाजे कमाल नाडी. त्यातून सकाळची नाडी वजा करा. जी शिल्लक राहील तिचे ४० टक्के आणि ५९ टक्के काढा, आणि दोन्हींत सकाळची नाडी परत मिळवा. झाला तुमचा मध्यम पट्टा.

माझं उदाहरण: २२० वजा ३६ म्हणजे १८४. त्यातून ८२ गेले, राहिले १०२. त्याचे ४० टक्के ४१, अधिक ८२, झाले १२३. ५९ टक्के ६०, अधिक ८२, झाले १४२. म्हणजे चालताना माझी नाडी १२३ ते १४२ मध्ये हवी.

आमच्या बॅचमधले एक किराणावाले काका आहेत, वय ५२, सकाळची नाडी ७०. त्यांचा पट्टा येतो १०९ ते १२८. आता आम्ही दोघं प्रीतिसंगमावर एकत्र चाललो आणि माझ्या १४० च्या वेगाने काकांना ओढलं, तर ते त्यांच्या पट्ट्याच्या बाहेर जातील. गप्पा मारत एकत्र चाला, पण वेग आपापला ठेवा.

दोन सावधगिऱ्या. एक, २२० चं सूत्र सरासरीचं आहे, एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोके सहज चुकतं. म्हणून सोबत बोलण्याची चाचणी वापरा: वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम. वाक्यही तुटतंय, म्हणजे जास्त. दोन, बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा-ब्लॉकर, नाडीच कमी ठेवतात. ती गोळी चालू असेल तर हे गणित लागू होत नाही. डॉक्टरांना पट्टा विचारा.

पायरी ४: दुकानाचा डेटा आणि शरीराचा डेटा शेजारी ठेवा

ही पायरी तुम्हाला कुठल्या जिममध्ये कोणी सांगणार नाही, कारण ती फक्त दुकानदाराला सुचू शकते.

मी बिलिंग सॉफ्टवेअरमधून तासाप्रमाणे बिलं काढली. दुपारी २ ते ४ मध्ये दिवसाच्या एकूण बिलांपैकी जेमतेम मूठभर. आणि माझा सलग बसण्याचा सगळ्यात मोठा पट्टा कधीचा? नेमका तोच! गिऱ्हाईक नाही, जेवण झालेलं, पंखा चालू, मोबाईल हातात. मी पहाटे पाचचा वेळ शोधत होतो, आणि दोन तास दुकानातच फुकट पडले होते. पहाटे उठण्यामुळे उलट झोप कापली जात होती, जी आधीच सहा तासांच्या खाली होती.

मग प्लॅन असा बसवला:

- आठवड्यातून चार दिवस सकाळी, सातला उठून, १५ मिनिटं भरभर चालणं. म्हणजे ६० मिनिटांपासून सुरुवात. दर आठवड्याला साधारण १० टक्के वाढ. दहाव्या आठवड्यात चार दिवस २५ मिनिटं आणि रविवारी ५० मिनिटं, अशी १५० मिनिटं पूर्ण झाली.
- मंगळवार आणि शुक्रवार दुपारी, जेवणानंतर दीड-दोन तासांनी, दुकानातच ताकदीचा व्यायाम: स्टुलावरून उठबस, भिंतीला हात लावून जोर, टाचा उचलणं आणि पाच किलोचा रंगाचा डबा दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढून घेणं. प्रत्येकी दहाच्या दोन फेऱ्या. वीस मिनिटांत काम संपतं.
- दोन्ही जेवणांनंतर दहा मिनिटं हळू चालणं. हे १५० मध्ये धरायचं नाही. हे जेवणानंतरची साखर फार चढू नये म्हणून.
- दर ४५ मिनिटांनी एक वस्तू स्वतः उठून काढून द्यायची. पोराला हाक मारायची नाही.
- रात्री अकराला मोबाईल चार्जिंगला, तोही हॉलमध्ये.

एकच धडा, तीन वेगवेगळे प्लॅन

डेटा बघून प्लॅन कसा बदलतो, हे कळावं म्हणून बॅचमधली तीन उदाहरणं. नावं सांगत नाही.

*किराणावाले काका.* पावलं २,६००, सलग बसणं तीन तासांच्या वर, झोप छान सात तास. यांची गळती बसण्यात आहे. त्यांना पहिले सहा आठवडे व्यायाम असा दिलाच नाही. फक्त गल्ल्याजवळची वजनं आणि पिशव्या दहा पावलं लांब ठेवल्या, आणि उधारीची वसुली फोनऐवजी गल्लीत चालत जाऊन. पावलं ५,००० च्या पुढे गेली. उधारीही जास्त वसूल झाली, तो बोनस!

*मेस चालवणाऱ्या ताई.* यांची पावलं ११,०००! घड्याळ रोज फटाके फोडून अभिनंदन करायचं आणि ताई रात्री सुजलेले पाय घेऊन रडायच्या. त्यांना अजून चाला म्हणणं म्हणजे भरलेल्या गोडाऊनमध्ये अजून माल टाकणं. त्यांचा प्रश्न सलग उभं राहण्याचा आणि ताकदीचा. भाजी निवडणं आणि कणीक मळणं बसून, दर तासाला टाचा वर-खाली वीस वेळा, रात्री दहा मिनिटं पाय उशीवर उंच, आणि आठवड्यातून दोन दिवस कंबर-पाठीचे व्यायाम. पायांची सूज उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवायचं, हेही लिहून दिलं.

*दूध डेअरीवाला मित्र.* पहाटे साडेतीनला उठणं, रात्री अकराला झोपणं. साडेचार तास झोप. त्याच्या वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसली: कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची नाडी सहा-सात ठोक्यांनी वर. त्याला जिमचं वेड होतं. मी म्हटलं, आधी भांडवल उभं कर, मग विस्तार. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. दुपारी दीड तास झोप आणि रात्री साडेनऊला शटर. जिम फक्त दोन दिवस, आणि नाडी नेहमीपेक्षा पाचने वर असेल त्या दिवशी हलकं चालणं.

बघा, तिघांनी एकच ‘३० दिवसांत फिट’ प्लॅन घेतला असता तर? काका पहिल्या आठवड्यात सोडून गेले असते, ताई झोपून राहिल्या असत्या आणि मित्र आजारी पडला असता.

पायरी ५: महिन्याचा ताळेबंद

दर चार आठवड्यांनी अर्धा तास काढा आणि तीन प्रश्न विचारा.

*एक: ठरवलेल्यापैकी किती झालं?* माझा नियम असा की ८० टक्क्यांपेक्षा कमी झालं, तर दोष माणसाला द्यायचा नाही, प्लॅन बदलायचा. टार्गेट रोज चुकत असेल तर टार्गेट चुकीचं आहे.

*दोन: निकालाचे आकडे कुठल्या दिशेला?* कंबर कमी होतेय पण वजन तेवढंच, तर घाबरू नका. ताकदीच्या व्यायामात असं होतं. मी कंबरेला वजनापेक्षा जास्त मान देतो.

*तीन: एकच गोष्ट कुठली बदलू?* एकच! एकाच महिन्यात दर, दुकानाची मांडणी आणि जाहिरात तिन्ही बदललं, तर विक्री कशामुळे वाढली कळत नाही. इथेही तसंच.

नाडी कमी झाली की पट्टा पुन्हा काढा. माझी ८२ वरून ७२ झाली, तेव्हा पट्टा ११७ ते १३८ झाला.

आणि सिझनचं विसरू नका. दिवाळीच्या दोन आठवड्यांत माझा प्लॅन निम्मा असतो, हे मी आधीच लिहून ठेवतो. ठरवून कमी करणं वेगळं आणि सुटून जाणं वेगळं.

सहा महिन्यांनी

पावलं ७,२०० च्या आसपास. झोप ६ तास ४० मिनिटं, अजून कमीच आहे. कंबर ९१, म्हणजे अजून एक सेंटिमीटर बाकी. वजन ७७. बीपी १३०/८४, गोळी चालू. एचबीए१सी ५.७, म्हणजे अजून उंबरठ्यावरच. जादू झालेली नाही. पण दिशा बदलली, आणि ती बदलली हे मला कोणी सांगायची गरज नाही. वहीत दिसतं.

कुठे थांबायचं?

हे नीट वाचा. छातीत दुखणं किंवा दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक दम लागणं, दरदरून घाम, चक्कर: यातलं काही झालं तर घड्याळात बघत बसू नका. १०८ ला फोन करा. वडिलांच्या वेळी आम्ही ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून वीस मिनिटं सोडा पाजत होतो. घड्याळावर नाडी नॉर्मल दिसली म्हणजे हृदय नॉर्मल आहे, असं अजिबात नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांना विचारूनच सुरू करा आणि खिशात साखर ठेवा. गरोदर ताई, ऑपरेशन झालेले, सांध्यांचा त्रास असलेले यांनीही आधी विचारायचं.

आणि एक दुकानदारी सावधगिरी. चालण्याचे नकाशे सगळ्यांना दिसतील असे ठेवू नका. ॲपमध्ये ‘फक्त मी’ निवडा. रोज रात्री साडेनऊला दुकान बंद करून कॅश घेऊन कुठल्या रस्त्याने घरी जाता, हे जगाला कशाला सांगायचं? २०१८ साली स्ट्राव्हा ॲपच्या नकाशावरून सैन्याच्या तळांच्या जागा लोकांना कळल्या होत्या. आपलं दुकान त्यापुढे काय!

गृहपाठ

१. आज एक वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, वय, कंबर लिहा.
२. चौदा दिवस चार आकडे. काही बदलू नका, काही लपवू नका.
३. पंधराव्या दिवशी सरासरी काढा आणि सगळ्यात मोठी गळती शोधा: बसणं, झोप, ताकद की दम?
४. आपला नाडीचा पट्टा काढा.
५. बिलांवरून दुकानाचे रिकामे तास काढा आणि त्यातच व्यायाम बसवा.
६. पस्तिशी ओलांडली असेल किंवा घरात कोणाला बीपी, शुगर, हार्टचा त्रास असेल, तर हा कागद घेऊन आधी डॉक्टर, मग व्यायाम.

घड्याळ नसेल तर अडत नाही. वही, टेप आणि मनगटावर दोन बोटं, एवढ्यावर काम होतं.

वडील आता ७० चे आहेत. सकाळी दुकानात येऊन पेपर वाचतात. पूर्वी आल्या आल्या विचारायचे, “काल गल्ला किती झाला?” आता आधी विचारतात, “काल पावलं किती झाली?” आणि मग गल्ला.

तुम्हीही तोच क्रम ठेवा. पुढच्या भागात जीएसटीच्या नोटिशीला उत्तर कसं द्यायचं ते बघू. त्याआधी बीपी मोजून ठेवा!